लताबाईंचा सरकारी अबोला

पेठ तालुक्यात उंट नाहीत. डोंगर आहेत, नागली आहे, शेळ्या तर भरपूर आहेत. पण उंट म्हणाल तर तिथल्या बहुतेकांनी तो चित्रातच पाहिलेला. तरीही त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत आमच्या कचेरीच्या तक्त्यानुसार पेठेत काही हजार उंट चरत होते, आणि ते तिथे माझ्यामुळे पोचले होते. मी आकड्याला बोटही लावलं नव्हतं. मी फक्त दोन माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं.

त्यातलं पहिलं माणूस म्हणजे लताबाई गांगुर्डे. नाशिकच्या आमच्या आकडेवारीच्या कचेरीतल्या गणक. गणक म्हणजे हँडल फिरवून बेरजा करायचं लोखंडी यंत्र पुढ्यात घेऊन बसणारं माणूस. लताबाई ते यंत्र जात्यासारखं चालवायच्या, आणि दळण बारीक पडतंय की नाही याकडे लक्ष द्यावं तसं कान देऊन ऐकायच्या. बाई मनमाडच्या, रोज रेल्वेने जाऊन-येऊन. वडील कोंडाजी, रेल्वेतले जुने फिटर. हट्टाने त्यांनी मुलीला वस्तीतली पहिली मॅट्रिक केली आणि निवृत्त झाल्यावर भांडण हाच पूर्णवेळ उद्योग मानला. नळावरून शेजाऱ्याशी, शिट्टीवरून स्टेशनमास्तरशी, बुद्धजयंतीच्या वर्गणीवरून मंडळाशी. बाईंनी लग्न केलं नाही. मी एकदा आडून विचारलं तर म्हणाल्या, "तीन स्थळं आली होती यादव. तिघंही बाबांशी बोलून गेली." म्हाताऱ्याला दिसायचंही कमी झालं होतं, पण सांभाळायला दुसरं कोणी घरात टिकत नसे.

दुसरं माणूस पुंजाराम बोरस्ते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पिंपळगाव बसवंतचे, म्हणजे माझ्याच शाळेचे, फक्त माझ्या आधी वीसेक वर्षं. घरी द्राक्षाचा बाग, अंगावर स्वच्छ टोपी, टेबलाच्या खणात डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली. तेही गणक. दोघांची टेबलं समोरासमोर, मध्ये हातभर वाट. आणि त्र्याऐंशी साल उजाडेपर्यंत त्या वाटेवरून आठ वर्षांत एक शब्दही गेलेला नव्हता.

कारण ते खोबरेल. एका थंडीत लताबाईंचं यंत्र कुरकुरायला लागलं. आप्पांना दया आली. बाई घरी गेल्यावर त्यांनी आपल्या बाटलीतलं तेल यंत्राला पाजलं. आता नाशिकची डिसेंबरातली सकाळ आणि खोबरेल यांचं काय होतं ते घरोघरच्या न्हाणीत माहीत आहे. तेल थिजलं, यंत्र बसलं, बाईंनी जोर लावला तर आतला दात तुटला. तक्ते लांबले आणि बाईंना मेमो मिळाला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, यंत्राला कोणी हात लावला? आप्पा नुसते टोपी सरळ करत उभे राहिले.

नंतर ते माफी मागायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "बोलायचं तेव्हा बोलला नाहीत. आता नका त्रास घेऊ."

तेव्हापासून सगळा व्यवहार शिपाई सहादूमार्फत. दोघं हातभर अंतरावर, आणि सहादू मध्ये दुभाष्यासारखा.

"सहादू, त्यांना सांग, निफाडच्या म्हशींचे कागद द्या म्हणावं."

"आप्पा, बाई म्हन्त्यात निफाडच्या म्हशींचे कागद द्या."

"त्यांना म्हनावं, म्हशी अजून मोजून झाल्या नाय. लय घाई आसंल तर गाढवं घेऊन जा."

"बाई, आप्पा म्हन्त्यात…"

"ऐकलं मी. सांग, गाढव समोरच बसलंय, वेगळं नको."

सहादू हेही तंतोतंत पोचवायचा. त्यात त्याला रस होता.

आता या भांडणाचा सरकारला काय फायदा, ते सांगतो. नियम असा होता की प्रत्येक तक्त्याची बेरीज दोन गणकांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचं न बघता. दोन्ही उत्तरं जुळली की तक्ता बरोबर, नाही जुळली की चूक शोधायची. नियम सगळ्या जिल्ह्यांना होता. पण माणसं ती माणसं. कुठे एक जण करायचा आणि दुसरा चहा पिऊन सही करायचा. कुठे आधी बेरीज आणि मग कागद तपासणी. कुठे दोघं मिळून मोठ्याने वाचायचे, भजनासारखं. आमच्याकडे मात्र एक उत्तर दुसऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. बाई आप्पांना आकडा सांगण्यापेक्षा कोंडाजींना गोदावरीत सोडून आल्या असत्या. त्यामुळे राज्यात सर्वांत कमी चुका नाशिकच्या.

हे मुंबईला दिसलं. तिकडे ठरत होतं की प्रत्येक जिल्ह्याने आकडे आपापल्या तऱ्हेने शिजवायचे बंद. गोळा करण्यापासून छापण्यापर्यंत सगळ्यांची एकच कार्यपद्धती हवी. पत्र आलं: नाशिकमध्ये काय करतात ते टप्प्याटप्प्याने लिहून पाठवा, पसंत पडलं तर तीच पद्धत सगळीकडे लावू. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आणि हुद्दा कमी.

मी प्रामाणिकपणे लिहायला बसलो. कागद येतात. तपासतात. गणक क्रमांक एक बेरीज करतो. मग तेच कागद शिपायामार्फत, अपशब्दांसह, गणक क्रमांक दोनकडे. इथे माझी लेखणी अडली. पशुगणनेचे तक्ते सुरूच होते, मुंबईचे साहेब ते बघायला येणार होते, आणि जिल्ह्याची अब्रू या दोघांच्या हातात. मला वाटलं, साहेब यायच्या आत हे मिटवलेलं बरं. शिकलेल्या माणसाला असं वाटतं कधी कधी.

संक्रांत जवळच होती. त्या दिवशी मी लवकर जाऊन दोन्ही टेबलांवर हलव्याची एकेक पुडी ठेवली. आप्पांना म्हटलं, बाईंनी ठेवलीय. बाईंना म्हटलं, आप्पांनी ठेवलीय, बिचारे लाजतात.

बाई पुडीकडे बघत राहिल्या. "आमच्यात संक्रांत करत नाहीत," म्हणाल्या. मग एक दाणा तोंडात टाकला. "पण दिलेलं परत करण्याइतकी मी उद्धट नाही." आणि समोर बघून, सहादूला न विचारता, म्हणाल्या, "आप्पा, हलवा ताजा आहे."

सहादू सवयीने उठला. "सांगू का त्यास्नी?"

"नको. ऐकलं त्यांनी."

आप्पांचे डोळे भरून आले. त्यानंतर त्या दोघांनी आठ वर्षांचा अनुशेष भरून काढायला सुरुवात केली. कोंडाजींची भांडणं, पिंपळगावचे कोल्ड स्टोरेजवाले, मनमाडचं पाणी, आप्पांच्या सुनेचा हात कसा तिखट आहे. फेब्रुवारीत बाग सुरू झाला तसे आप्पा रोज एक घोस आणू लागले. बाई तो डब्यात घालून मनमाडला न्यायच्या. यंत्रं चालायची, पण गप्पांच्या मागे, हळू आवाजात.

"पेठचं काय आलं हो तुमचं?" आप्पा विचारायचे.

बाई सांगायच्या. आप्पा लिहायचे. स्नेहात हिशेब कोण परत करतो?

शेळ्यांचा आकडा एका रकान्याने घसरून उंटांत गेला तो असा. बाईंकडून घसरला आणि आप्पांनी मायेने तसाच उतरवला. उत्तरं जुळली. तक्ता बरोबर ठरला.

मुंबईचं पत्र तीन ओळींचं होतं. पेठ तालुक्यातील उंटांबाबत खुलासा करावा. होळीनंतर साहेब स्वतः येऊन समक्ष काम करवून बघतील. पद्धत योग्य ठरल्यास नाशिकला एक पर्यवेक्षकाचं पद मिळेल. न ठरल्यास हा विभाग बंद करून गणकांना जिथे माणसं कमी आहेत तिथे पाठवण्यात येईल. सोबत यादी. बाईंच्या नावापुढे चंद्रपूर. आप्पांना दोन वर्षांत निवृत्तीच होती, त्यांना रजा घेऊन बागेत बसता आलं असतं. चंद्रपूर फक्त बाईंसाठी होतं. आणि कोंडाजींना घेऊन चंद्रपूरला जायचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर एक खटला.

दुपारी बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"यादव, आठ वर्षं उंट आले नाहीत. आत्ताच कसे आले?"

मी म्हटलं, "चूक होते बाई माणसाकडून."

"चूक माझ्याकडून आठ वर्षं होतेय. पण ती समोर पकडली जायची. आता पकडत नाही, कारण समोरचा माणूस मला द्राक्षं देतो." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "तो हलवा कोणी ठेवला होता रे? आप्पा परवा मला म्हणाले, तुमचा हलवा छान होता."

मी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"तू लावलंस ते तू मोड," त्या म्हणाल्या. "आमचं भांडण परत लावून दे."

"मग नुसतं ठरवून अबोला धरा ना. साहेब जाईपर्यंत."

"ते आप्पा आहेत. त्यांना खोटं जमलं असतं तर तेव्हाच म्हणाले नसते का, मी नाही हात लावला? ते समोर बसून माझ्याकडे बघून हसतील, आणि मी हँडल फिरवता फिरवता काय आलं ते सांगून टाकीन. त्यांना खरा राग आला पाहिजे."

मी दोन-तीन कारणं सुचवली. टोपी, सून, जुना मेमो. बाईंनी सगळी नापास केली. "टोपीवर माणूस तासभर रागावतो. जाऊ दे, तुझ्याच्याने होत नाही. मी कोंडाजीची मुलगी आहे."

साहेब यायच्या आदल्या दिवशी आप्पा नेहमीप्रमाणे घोस घेऊन आले, धुऊन, फडक्यात बांधून. बाईंनी तो उचलला आणि सगळ्या कचेरीसमोर त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

"आप्पा, उद्यापासून नका आणू. बाबांनी चाखली नि थुंकली. मग शेजारच्या शेळीला घातली. शेळीनं पण अर्धी सोडली."

पिंपळगावच्या बोरस्त्यांना तुम्ही काहीही म्हणा. चोर म्हणा, एक वेळ हसतील. आप्पा पांढरे झाले. त्यांनी घोसाकडे बघितलं, एक मणी तोडून खाल्ला, नीट चावून बघितला, मग फडकं बांधलं आणि सहादूकडे वळून म्हणाले, "सहादू, त्यांना सांग, मनमाडच्या शेळ्यांस्नी रुळावरचा कोळसाच गोड लागतो."

सहादू आनंदाने उठला.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब खुर्ची टाकून दोघांच्या मध्ये बसले. त्यांनी स्वतः आणलेले गणनेचे कागद दोघांना दिले. दोन्ही यंत्रं अशी घरघरली की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दुपारी तक्ते ताडून पाहिले तर एका तालुक्याची मेंढरं जुळेनात. सहादूच्या फेऱ्या सुरू झाल्या. "बाई म्हन्त्यात डोळे तपासा." "आप्पा म्हन्त्यात आधी जीभ तपासा." दोघांनी इरेला पेटून परत बेरजा केल्या. चूक आप्पांची निघाली, आणि ती बाईंच्या आकड्यामुळे निघाली. दुसऱ्या तक्त्यात बाईंची निघाली. साहेबांनी आणलेल्या उत्तरांशी शेवटी सगळं तंतोतंत जुळलं.

"हे दोघं नेहमी असंच काम करतात?" साहेबांनी मला विचारलं.

"आमची पद्धत आहे साहेब," मी म्हटलं.

त्यांनी ती लिहून घेतली. आता सगळ्या जिल्ह्यांना गेलेल्या कार्यपद्धतीत एक कलम आहे: गणना पूर्ण होईपर्यंत दोन्ही गणकांनी परस्परांशी संभाषण करू नये, आवश्यक ती देवाणघेवाण तिसऱ्या व्यक्तीमार्फत करावी. इतर कचेऱ्यांत म्हणे यावर फार कुरकुर झाली. सहादू ते कलम लोकांकडून वाचून घेतो.

चंद्रपूर टळलं. लताबाई पर्यवेक्षक झाल्या, टेबल खिडकीशी गेलं, पण शेवटच्या ताळ्याला त्या स्वतःच बसतात, आप्पांच्या समोर. मनमाडची गाडी चुकली तर अजूनही स्टेशनमास्तरला दोन शब्द सुनावून येतात. म्हणतात, बाबांचा निरोप होता.

आप्पांनी मात्र मला गेल्या आठवड्यात बाजूला घेतलं. आधी गावची, शाळेची चौकशी केली. मग हळूच म्हणाले, "यादव, तुझं बाईंशी बोलनं हाय. एक विचारशील का? त्या शेळीनं खरंच अर्धी सोडली व्हती?"

मला माहीत आहे. बाईंनी जिन्यातच सांगितलं होतं की म्हातारा डबा उघडायच्या आत वास घेतो आणि घोसातला एक मणी कोणाला देत नाही. पण कारखान्यांच्या गणनेचे कागद येऊन पडलेत. सातपूर झालं, अंबड अर्धं राहिलंय, सगळं पावसाळ्याआधी मुंबईला जायचं आहे.

"विचारून सांगतो आप्पा," मी म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.