काहिलीचा चटका आणि खाटेवरची पाटी

“उजवा हात. थर्ड डिग्री बर्न,” सांगलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि मग समजावून सांगू लागले. कातडीचा पूर्ण थर जळाला आहे. तो आपोआप भरून येणार नाही. जीव वाचेल, पण बोटं मिटतील की नाही हे आज सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ दत्तू गुळव्या आहे. उकळता पाक बोटांनी पारखून काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, केव्हा उतरवायची ते तो ठरवतो. त्या बोटांवरच त्याचं घर चालतं. महायुद्ध संपलं त्या हंगामात आष्ट्याजवळच्या गुऱ्हाळात त्याचा पाय घसरला आणि हात मनगटापर्यंत पाकात गेला.

“पहिल्यांदा काय लावलं?” डॉक्टरांनी विचारलं.

रसातली मळी काढायला रानभेंडीचं चिकट पाणी बादलीत तयारच असतं. लोकांनी हात त्यात बुडवला, थिजलेला पाक ओढून काढला, वर चुना थापला. पाकाबरोबर कातडीही निघाली. विहिरीच्या गार पाण्याचा पाट दहा पावलांवर वाहत होता.

मी आष्ट्याला मुलींच्या शाळेत शिकवते. याद्या करायची सवय. रजा काढून दत्तूजवळ राहिले आणि उशाशी वही ठेवली : ताप किती, पट्टी केव्हा बदलली, कोणतं बोट किती वाकलं. रोज सकाळी ‘सलाइन बाथ’, म्हणजे हात मिठाच्या कोमट पाण्यात. त्यातच बोटं हलवायची. दत्तू ओरडायचा, मी आकडे मोजायची. बोटं हलवली नाहीत तर ‘काँट्रॅक्चर’ होतं, म्हणजे भरणारी कातडी आकसून बोटं कायमची आत ओढते. पुढे मांडीची पातळ कातडी हातावर लावली. त्याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या पट्ट्या संपल्या. मी दोन जुनी लुगडी उकळून फाडली.

डॉक्टर लष्करी इस्पितळात काम करून आले होते. त्यांनी माझी वही चाळली. “पेट्रोलनं भाजलेल्या सैनिकांची टिपणं आहेत. पाकानं भाजलेल्यांची मी कुठेच पाहिली नाहीत. भाजून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा काय लावलं आणि पुढे हात कसा राहिला, एवढं हंगामभर लिहिलं तरी पुष्कळ कळेल.” त्यासाठी पट्ट्या हव्या होत्या आणि लिहिणारा माणूस हवा होता. दोन्हींची सोय नव्हती.

खाटा देणारे दाते मात्र होते! खाटेखाटेवर कोणाच्या तरी स्मरणार्थ पाटी. एका सकाळी दत्तूचे गुऱ्हाळमालकही आईच्या नावाची पाटी घेऊन आले आणि दत्तूच्याच खाटेवर ती ठोकली.

“मालक, पाटी झ्याक हाय,” दत्तू म्हणाला. “पर हाताला बांधलंय आक्काचं लुगडं.”

“लय शानपन नको, गड्या.”

मी डॉक्टरांना हव्या असलेल्या टिपणांचं सांगितलं आणि त्यासाठी पैसे मागितले.

“मास्तरीणबाई, वहीला पैसं दिलं तर आईचं नाव कुठं ठोकू?”

माझं डोकं फिरलं. यांच्याच काहिलीवर दर हंगामात कोणी ना कोणी भाजतं. त्याला निजायला खाट दिली की पुण्य. तो बरा कसा होईल हे शोधण्यात मात्र पुण्य नाही?

“आक्का, हितं कशाला मागतीस?” दत्तू म्हणाला. “गुऱ्हाळावर जा. तितनं कुणी रिकाम्या हातानं जात न्हाई.”

खरंच. वाटसरूलाही गूळ दिल्याशिवाय तिथून सोडत नाहीत. मी गुऱ्हाळांची यादी केली आणि रजा संपायच्या आत बैलगाडी जुंपायला लावली. प्रत्येक ठिकाणी एक ढेप मागितली, कशासाठी तेही सांगितलं. गुळवे आपापली भाजलेली मनगटं पुढं करू लागले. “बाई, माजंबी लिवा.”

शेवटी मालकांचं गुऱ्हाळ. सगळ्या गड्यांसमोर त्यांनी एक ढेप दिली, होती त्यातली सगळ्यात बारकी.

काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालणारा म्हातारा ओरडला, “आवं मालक, पाटी ठोकाय जागा न्हाई म्हणून बारकी दिलीसा व्हय?”

हशा पिकला. दुसरी ढेप आली, चांगली मोठी.

गूळ सांगलीच्या पेठेत विकला. त्या पैशांतून पट्ट्यांचे गठ्ठे आले. दवाखान्यातला कंपाउंडर रोज तासभर जास्त थांबून टिपणं लिहू लागला.

दत्तूचा अंगठा आणि दोन बोटं मिटतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं. आहे तेवढ्यावर तो पाक पारखतो.

तुमच्या घरी ही वेळ आली तर पाक ओढू नका. गार पाणी ओता, ओतत राहा. डॉक्टरांचे, कंपाउंडरचे आणि ढेप देणाऱ्या प्रत्येकाचे उपकार मी मानते. पाटीचे मानत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच गुऱ्हाळातली एक बाई हात भाजून आली. कंपाउंडरनं वही उघडली. “पहिल्यांदा काय लावलं?”

तिचा पदर अजून ओला होता.

“काय बी न्हाई,” ती म्हणाली. “दत्तूदादानं लावूच दिलं न्हाई. धरून पाटात बसवलं.”