रंगवलेली चकती

लिहिणारा पेणचा, बाप मूर्तिकार, म्हणजे आता गणपती येणार, डोळे उघडायचा प्रसंग येणार, तुमचा गळा दाटून येणार. नाय येणार. ही अणुभट्टीच्या कचऱ्याची गोष्ट हाय. पान उलटू नका, हिच्यात कोणाला सहावं बोट फुटत नाय. फक्त माझं डोकं फुटायचं बाकी हाय, अजून.

माझी आतेबहीण कासू गावची. रोह्याच्या कॉलेजात एमएस्सी करते. मी तिथेच, दोन वर्षं मागे, आणि सरांच्या नकला करण्यात सगळ्यांच्या पुढे. तिचा प्रोजेक्ट होता अणुभट्टीतला कचरा दगडात कोंडायचा. भट्टीतून निघालेले काही धातू शेकडो, हजारो वर्षं किरण सोडत राहतात. नुसते पिंपात भरले तर पिंप कधीतरी गंजणार आणि पाणी आत शिरणार. म्हणून ते दगडाच्या भुकटीत मिसळायचे, दाबायचे आणि भाजायचे. ताई मला सांगायची, "पिशवीत ठेवणं वेगळं रे, आणि भिंतीतली वीट होणं वेगळं. वीट काढायला भिंत फोडायला लागते."

खरा किरणवाला माल आम्हाला कोण देतोय? तिने त्यातल्याच एका धातूचा, स्ट्रॉन्शियमचा, साधा भाऊ घेतला. किरण सोडत नाय, बाकी वागणूक तीच. त्या दाबलेल्या भुकटीच्या कितीतरी चकत्या भाजताना तडकल्या. शेवटी तीन चांगल्या निघाल्या. काळपट, ओबडधोबड, चकलीच्या पिठाचा जळका तुकडा दिसावा तशा.

विज्ञान प्रदर्शनाला एक बडे पाहुणे येणार होते. आवडलं तर मोठ्या प्रयोगशाळेत ट्रेनिंगसाठी तिची शिफारस करणार होते. तिला तेवढंच पाहिजे होतं. घरचे म्हणत होते डोलवीला स्टीलच्या कंपनीत चिकट, शिफ्ट कर, पुरे झालं शिक्षण.

आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे पेणला उतरली आणि चकत्यांची डबी बाबांच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या फळीवर ठेवली. तिथेच माती खाल्ली. पेणमधून कच्च्या मूर्ती ट्रक भरभरून जातात, पण माझ्या बाबांच्या हातून बिनरंगाची वस्तू बाहेर जात नाय. सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा त्यांनी त्या तिन्ही चकत्या रंगवल्या. मूर्तीच्या अंगाचा गुलाबी रंग आणि कडेला सोनेरी रेघ. डबी बंद करून भाचीच्या हातात दिली, वर म्हणाले, "पोरी, आता दाखव कोणाला पण."

ताईने डबी उघडली ती रोह्याला, प्रदर्शनाच्या टेबलावर.  ओला रुमाल घेऊन एक चकती घासायला बसली.

आमच्या कारखान्यातली प्रत्येक वस्तू पाण्यात जायला बनते, रंगासकट. पाण्यात विरघळूच नये अशी वस्तू घरात आलीय, हे बाबांच्या डोक्यात येणार कुठून? त्यांच्यावर राग धरता येत नाय, म्हणून आणखी राग येतो.

पाहुणे लवकर आले. आमचे सर घाईत. ताई "सर, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी, धातू बाहेर येत नाय हे दाखवायला, दुसरी चकती गरम पाण्यात टाकली. पाणी गुलाबी झालं.

"अरेरे," पाहुणे म्हणाले, "आलं की बाहेर सगळं."

"सर, हा वरचा रंग आहे. धातू बाहेर आला असता तर ह्या बाटलीतला थेंब टाकल्यावर पाणी पांढरं झालं असतं. दोन मिनिटं द्या, घासून दाखवते."

"बेटा," त्यांनी घड्याळ बघितलं, "मुलींनी कसं, झेपेल ते करावं. पुढच्या वर्षी पापडाचा स्टॉल लाव."

सर हसले. आमचे सर, ज्यांना त्या धातूचं नाव धड उच्चारता येत नाय, ते हसले. माझ्या कानातून वाफ निघाली. सूत्रसंचालनाचा माईक माझ्याच हातात होता.

"बेटा," मी सुरू केलं. पाहुण्यांचाच घसा, तोच घड्याळाचा हात, तेच पुढे आलेलं पोट. "अणू काय, पापड काय, लाटलं की झालं. आम्ही स्वतः कधी काय भाजलं नाय, पण करपल्याचा वास आम्हाला लगेच येतो."

हॉल हसून फुटला. मी आणखी दोन वाक्यं मारली. मग बघितलं तर पाहुणे दाराकडे निघालेले आणि सर त्यांच्या मागे धावत होते.

रोहा स्टेशनच्या बाकावर ताई डबी मांडीवर घेऊन बसली होती. गाडी दिसली तेव्हा सुरू झाली.

"सर हसत होते तेव्हाच मी घासलेली चकती साध्या पाण्यात टाकली होती. थेंब पण टाकला. पाणी जसंच्या तसं. आणि तो माणूस परत वळला होता, कळतंय तुला? वाकून बघत होता. 'हे काय आहे' असं विचारलं त्याने मला. तेवढ्यात तुझं पोट पुढे आलं."

"अगो, पण तो तुला काय बोलला ते..."

"मला बोलला ना? मग मी बघितलं असतं. तुला कोणी सांगितलं होतं? हसले सगळे. झालं तुझं. उद्या मी डोलवीला शिफ्ट करताना ये हसवायला." ती डब्यात चढली, दारातून वळली. "आणि मामाला काय बोलायचं नाय. रंग सगळ्यांना आवडला, एवढंच सांगायचं. घरी त्याची नक्कल केलीस ना, तर थोबाड फोडीन."