साहेबांचा बॉल

आमचा प्लेअर बाहेर गेलेला चेंडू सोडत नसे. रेघेच्या हातभर पलीकडे पडो, नाहीतर थेट कण्हेरीत शिरो, हा धावत जाऊन तो परत मारायचाच. असा चेंडू सोडला की टेनिसमध्ये फुकटचा गुण मिळतो, हे त्याला ठाऊक होतं. सोडवत मात्र नव्हता.

श्रीरामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात त्याचे वडील क्लबचे शिपाई होते. क्लबच्या मुरमाच्या कोर्टावर चीफ इंजिनिअर साहेबांना रोज संध्याकाळी जोडीदार लागे आणि बाकीचे अधिकारी पत्त्यांना बसलेले. म्हणून साहेबांनी या पोराला आपली जुनी रॅकेट दिली, समोर उभं केलं आणि मनापासून शिकवलं. पहिल्याच दिवशी साहेबांचा चेंडू बाहेर पडला नि हा "आऊट!" म्हणून ओरडला. वडिलांनी त्याला बाजूला घेतलं. "आपून कोन रं साहेबाला भाईर म्हननारे? पडंल तिथं पळायचं." तेव्हापासून साहेबांचे सगळे चेंडू आत. साहेबांना वाटे, आपला हात काय बसलाय! आणि याचे पाय असे तयार झाले की विचारू नका.

त्या पायांच्या जोरावर जिल्ह्यात तो कुणाला आटोपेना. परदेशात आता खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळतात, हे साहेबांकडून ऐकल्यावर त्यानं ठरवूनच टाकलं, आपणही टेनिसवरच जगायचं. कॉलनीत कुणालाच याचा अर्थ लागेना. त्याची आई मला, त्याच्या दोस्ताला, विचारायची, "म्हंजी नोकरी हाय का न्हाई? पगार कशाचा, पळायचा?" मी कप्पाळ सांगणार! नोकरी म्हणजे सकाळचा भोंगा, एवढंच मला माहीत.

पुण्याच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेला त्याच्या पिशव्या धरायला मी गेलो होतो. सुरुवातीच्या फेऱ्यांना पंच नसत. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानंच सांगायचं. समोरचा पोरगा खुशाल "आऊट" म्हणे आणि आमचे महाराज सगळेच परत मारीत. एक तर इतका बाहेर होता की समोरच्यानंच विचारलं, "अहो, आऊट ना?" प्लेअर माझ्याकडे बघायला लागला, जसा काही मीच पंच. अर्थात हरला. परतताना एसटीत सुपं गाव मागं पडल्यावर म्हणाला, "दिसतं रं मला. तोंडातनं निघत न्हाई." मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. एवढा पळणारा माणूस एका शब्दापाशी अडकावा, हे माझ्या डोक्यात शिरेना.

पुढच्या वर्षी साहेबांच्याच खटपटीनं मुंबईच्या एका क्लबानं त्याला बोलावलं. क्लबाच्या पगारावर स्पर्धा खेळायच्या, जिंकला तर राहायचं, नाहीतर परत. "हक्काचा गुण सोडत जाऊ नकोस," साहेबांनी बजावलं. हा गुण सोडायला कुणापायी शिकला, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी साहेब आणि तो शेवटचं खेळले. दुष्काळामुळे कोर्टावर पाणी मारणं बंद होतं, नुसता फुफाटा. तरी वडिलांनी पांढऱ्या फक्कीनं रेघा ताज्या मारल्या होत्या. मी प्लेअरच्या मागच्या रेघेशी उभा होतो. साहेबांनी लांब फटका मारला. प्लेअर धावला, त्यानं रॅकेट उचलली आणि तो थांबला. चेंडू पडून कण्हेरीत गेला.

"आऊट, साहेब."

वडील बाकावरून ताडकन उठले. साहेबांनी एकदा रेघेकडे पाहिलं, मग म्हणाले, "बरं. आऊट."

आता घोटाळा असा, की चेंडू रेघेवर, म्हणजे आतच, पडला होता. फक्की उडालेली मी पाहिली, माझ्या पायजम्यावरही आली. त्याला तो खरंच बाहेर दिसला, की एकदाचं तोंड उघडायचं म्हणून त्यानं मिळाला तो चेंडू निमित्ताला धरला? आणि साहेबांना दिसलं नाही, की दिसूनही त्यांनी मुद्दाम हो म्हटलं? सकाळी त्याला एसटीत बसवताना विचारणारच होतो. पण तो खिडकीशी इतका मोकळा हसत होता की मी नुसता हात केला.

तो मुंबईत टिकला, पुष्कळ वर्षं खेळला. मला अजून उलगडा नाही.

त्या सकाळी स्टँडवरून परतलो तेव्हा त्याचे वडील कोर्टावर एकटेच ती मागची रेघ पुन्हा मारत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बॉल भाईर हुता ना रं?"

"व्हय काका," मी म्हणालो, "चांगला हातभर भाईर हुता."