बेसण्याचा फोटो

मांडवीत माझं फोटो छापण्याचं दुकान आहे. ते मी एकट्यानं उभं केलं. वडील गेले तेव्हा बेसण्याला, म्हणजे सांत्वनाला लोक येतात त्या बैठकीला, मोठा फोटो हवा होता. त्यांचा चांगला फोटो एकच, तोही थोरल्या भावाच्या मोबाइलमध्ये. दादा तो सारखा उघडून उजळ करायचा, कडा कापायचा आणि जागा वाचावी म्हणून प्रत्येक वेळी मूळ फाइलवरच कमी क्वालिटीत सेव्ह करायचा. मी कॉम्प्युटरवर तो मोठा केला तर वडिलांच्या गालांवर नुसते चौकोन दिसले.

“मूळ फाइल कुठाय?” मी विचारलं.

“हीच ती. तीन फुटी काढ.”

“चेहराच उरला नाही यात. वहीएवढा निघेल.”

“गिऱ्हाइकांशी करतोस तसली घासाघीस बापाच्या फोटोत नको.”

मी भडकलो, पण वहीएवढाच छापला. त्यात वडील ओळखू येत होते. लोक फुलं वाहताना वाकून बघत होते.

दादा अजून नातेवाइकांना सांगतो, स्वतःचं दुकान असून धाकट्यानं बापाचा फोटो एवढासा काढला. मी फाइलचं समजावायला गेलो की ते म्हणतात, “जवा दे ने, जाऊ दे रे, मोठा भाऊ आहे.”