धावत्या गाडीचा फोटो

शेटनं माझ्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, फिल्म ओढून काढली आणि भर उन्हात डांबरावर फेकली. "माझ्या गाडीचा फोटो तू काढणार? उद्या शेजारी येऊन बसशील." गाडीतली माणसं हसली.

मी बावीस वर्षांचा बाप्या होतो. पनवेलजवळ मुंबई-पुणे रस्त्यावर खडी पसरायच्या कामावर. शेट त्या कामाचा ठेकेदार. माझा बाप त्याच गँगमध्ये. तो धावत आला, हात जोडले. "पोर चुकला, शेट. त्याला अक्कल नाय." मला शेटपेक्षा बापाचा जास्त राग आला. खोटं कशाला बोलू?

कॅमेरा म्हणजे साधा डबा. गोदीत कामाला असलेल्या मामानं जुन्या बाजारातून आणलेला. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. महारवाड्यात चेष्टा झाली, "आपल्यासाठीच केलाय. मान वर कराया नको." मला मात्र धावती गाडीच टिपायची होती. उभ्या माणसाचा फोटो कुणीही काढतो.

दुसरा रोल घातला. सुट्टीच्या दिवशी रस्त्याकडेला उभा राहिलो. उरणचे मिठाचे ट्रक, मुंबईच्या मोटारी. आठ फोटो काढले, आठही वाया. गाडीच्या जागी नुसता फराटा, आणि रस्ता तिरका.

पनवेलच्या स्टुडिओवाल्या चाचांनी ते टेबलावर मांडले. बराच वेळ बघितले. "गाडी हलणारच, मियाँ. पण तू का हलतोस? दर वेळी एक कदम मागं."

आमच्या गँगमध्ये रिवाज होता. शेटची गाडी दिसली की आमच्या जातीच्या मजुरांनी रस्ता सोडून खाली उतरायचं, टोपी काढायची, नजर पायाकडे ठेवायची. बाकीचे खुशाल काम करत राहायचे. त्या दिवशी तर शेट नव्हताच. समोर मिठाचा ट्रक होता. तरी पाय मागं गेला. गुलामी माझ्या पायात मुरली होती, आणि आठ फोटोंत छापून आली होती. लाज वाटली. मग चीड आली, स्वतःचीच.

चाचांनी शिकवलं. पाय रोवायचे, गाडीबरोबर कमरेतून वळायचं, खटका दाबल्यावरही वळत राहायचं. महिनाभर मी रिकाम्या कॅमेऱ्यानं वळत होतो. पाय सरकला की स्वतःलाच शिवी हासडायची.

एका सकाळी कामावर शेटची गाडी आली. आमची माणसं खाली उतरली. मी डांबरावरच राहिलो, टोपी डोक्यावर. हॉर्न थांबेना. बाप ओरडला, "मागं सर! मरशील!" मी काचेत गाडी धरली, वळलो, खटका दाबला. गाडी हातभर अंतरावरून गेली.

फोटो आला. मागची झाडं पुसट, गाडी स्वच्छ, खिडकीत शेटचं वासलेलं तोंड.

काम तर फोटो काढला त्याच दुपारी गेलं होतं. माझं आणि बापाचंही. घरात चूल पेटेना. बाप वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याला उपाशी मी ठेवलं, हे मला कबूल आहे. तरी माफी मागितली नाही, मागणारही नाही. या रस्त्याची खडी मी पसरलीय. त्यावरून मला उतरवायचं असेल, तर गाडी अंगावर घालावी लागेल.