वाचणारीची तुरपाई

दुपारी मावशीचा आवाज लागला की मास्तरसुद्धा कात्री खाली ठेवत. मास्तर म्हणजे शिवणकारखान्याचे मालक. स्वतः कापड कापायचे आणि उरलेल्या वेळात सगळ्यांवर डाफरायचे. पण जेवणानंतर मशिनी बंद होऊन हातशिलाई सुरू झाली की तिथे राज्य मावशीचं. बाकीच्या बायका शाळेच्या गणवेशांची तुरपाई करायच्या, बटणं लावायच्या, आणि मावशी त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. तिच्या वाटणीचे कपडे इतर जणी आपसांत वाटून घेत. वाचणारीची तुरपाई ऐकणाऱ्यांनी करायची, हा तिथला नियम. अर्थात तोही मावशीनेच घालून दिलेला.

वाचायची मात्र झकास. खलनायकाचं बोलणं ती हुबेहूब मास्तरांच्या आवाजात वाचायची आणि मास्तरांना ते अजून कळलेलं नव्हतं. कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठे थांबायचं, कोणासाठी हळहळायचं, सगळं तीच ठरवायची. आपलं काही चुकत असेल, अशी शंका तिच्या मनाला कधी शिवली नव्हती.

तिची सख्खी भाची तिथेच कामाला होती. रंगाने चांगली काळी, हाताने चपळ, बोलायला कमी. लग्न मोडून ती थेट मावशीकडे राहायला आली होती. सासरी टोमणे रंगावरून सुरू झाले आणि मारहाणीपर्यंत गेले, हे फक्त मावशीला माहीत होतं. कारखान्यात मावशीने ‘पटलं नाही दोघांचं’ एवढं सांगून विषय मिटवला. पोरीची लाज झाकली, असं तिला मनापासून वाटे. बायका मात्र, नवरा टाकून आली आणि वर तोरा बघा, असं कुजबुजत. भाचीच्या कानावर ते जाई. ती मान खाली घालून टाके घालत राही.

अशात मावशीने एक अनुवादित कादंबरी वाचायला घेतली. परक्या मुलखातली एक काळी बाई, गोऱ्या मालकाच्या घरी धुणी धुणारी. सगळ्या जणी तिच्यात रंगून गेल्या. पुढे एका प्रकरणात तो मालक तिच्यावर जबरदस्ती करतो. मावशी सगळं घरी आधी वाचून ठेवायची. हे भाचीसमोर वाचणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, असं ठरवून तिने दुसऱ्या दिवशी ती पानं सफाईने उलटली आणि पुढच्या प्रकरणाला हात घातला. कुणाला पत्ताही लागला नाही.

घोटाळा त्यानंतर झाला. त्या बाईला मुलगी होते, आणि ती पोरीला जवळच घेत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

बटणवाली भडकली. तिने एकटीने घरभर पोरं वाढवलेली. दगडाच्या काळजाची आहे मेली, म्हणाली. दुसरीने तिला माजोरडी ठरवलं. तिसरीने तर अशा बायकांमुळेच घरं मोडतात असा निकाल देऊन टाकला. मावशी नुसती खाकरली. त्या बाईची बाजू घ्यावी तर घेण्याजोगं जे होतं ते तिनेच गाळलेलं.

भाचीने सुई कपड्यात टोचून ठेवली.

“मावशी, मधलं वाच.”

मधलं कुठलं, सलगच तर वाचतेय, असं मावशी म्हणाली खरी, पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

“मी घरी वाचलंय ते. तुझ्या उशाशीच असतं पुस्तक. तिचं काय झालं ते यांना ठाऊकच नाही, म्हणून नावं ठेवतायत.”

बटणवालीने मावशीकडे रोखून पाहिलं. “म्हणजे तुझी तुरपाई आम्ही पुरी करायची आणि तू अर्धंच वाचायचंस?”

हे मावशीच्या जिव्हारी लागलं. पण कबूल करायचं तर तेही तोऱ्यात, अशीच ती होती. तिने पानं मागे उलटली आणि गाळलेलं सगळं, आवाज कुठेही न दबवता, वाचून काढलं. मालकाचं बोलणं या वेळी मास्तरांच्या आवाजात वाचलं नाही. सुया थांबल्या होत्या. बटणवालीने एका गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले आणि तिला मेली म्हणाले ते चुकलंच माझं, असं पुटपुटली.

“आता माझंही सांग,” भाची म्हणाली. “पटलं नाही, एवढंच सांगितलंस यांना. माझंही मधलं गाळलंस.”

मावशीने हातातलं पुस्तक खाली केलं. लाज पोरीची नव्हतीच कधी. ती झाकता झाकता तिने त्या मारणाऱ्याला झाकलं होतं.

“ते तूच सांग,” ती म्हणाली. “मला गाळायची सवय लागलीय.”

भाची सांगू लागली. आवाज आधी बारीक होता, मग लागला. मावशीने पुस्तक मिटलं, चष्मा पुसला, भाचीच्या मांडीवरचा गणवेश आपल्याकडे ओढला आणि तिची राहिलेली तुरपाई करायला बसली.