सुना माहेरी किती वेळा जातात?

नदी, डोंगर, रस्ता यांतलं काहीही न दाखवता अख्ख्या मुलखाचा नकाशा काढणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमचा भाडेकरू होता! बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली हे प्राध्यापक वऱ्हाडातल्या मालेगावी आमच्या माडीवर राहायला आले. विषय सामाजिक भूगोल. म्हणजे काय, हे विचारण्याची चूक मी एकदाच केली. चहा गार झाला तरी उत्तर संपेना. एसटीने कामरगाव, सायकलने रिठद, असं हिंडत ते घरोघरच्या ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, "सुना कुठल्या गावच्या? लेकी कुठे दिल्या?" मग कागदावर या गावाहून त्या गावाला रेघ. लोकांना वाटे, सोयरीक जुळवणारा आला! पोह्यांच्या बशा पुढे येत. एक आजी म्हणाली, "मास्तर, पोरगी सावळी हाय, पर कामाले वाघीण!" सरांनी तेही मनापासून टिपून घेतलं.

माझ्या बहिणीला, कमलला, पाहायला पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं, पण मायला एकच धास्ती होती. तिच्या थोरल्या बहिणीला सासरच्यांनी कित्येक वर्षं माहेरचं तोंड पाहू दिलं नव्हतं. कमलचंही तसंच झालं तर? पण मुलीकडच्यांनी असलं विचारायचं कुठल्या तोंडानं? एवढ्यात सर जिना उतरून आले, नमस्कार केला आणि थेट मुलाच्या आईला म्हणाले, "तुमच्याकडे सुना माहेरी किती वेळा जातात हो?"

बाबांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. झालं, मोडलं लग्न! सरांना मी मनातल्या मनात जिन्यावरून ढकलूनही दिलं. मुलाच्या आईने त्यांना खालवर न्याहाळलं आणि पदर सावरला. "काहून नाही जाणार? दिवाळीले जाते, राखीले जाते, अन् मोठी त रुसली का मधातच जाते! मीच बसवून देतो तिले यष्टीत."

बैठक खदखदून हसली. आमचा जीव भांड्यात पडला. माय तर दाराआड हसत हसत रडली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कमल खरंच माहेरी आली, सरांसाठी अनारशांचा वेगळा डबा घेऊन. पण सर दुसरीकडे नोकरी धरून निघून गेले होते. "त्याइच्या घरी पाठवू ना पार्सल," कमल म्हणाली, "गाव कोन्तं त्याइचं?"

माय डबा हातात घेऊन बसून राहिली. "आपुन कधी इचारलंच नाही वो, बाई."